बॉयलरची राख

वच्छला वहिनी ही माझ्या थोरल्या भावाची बायको. माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले की समोरचा माणूस एखाद्या गुरुजींचे नाव ऐकायच्या तयारीने बसलेला असतो, आणि मी तिचे नाव घेतो. ती सहावीपर्यंत शिकलेली. तिचे माहेर कन्हान नदीच्या पलीकडच्या एका खेड्यात. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो, त्याचे श्रेय मला लोक देतात आणि मीही बरीच वर्षे ते निमूट घेत आलो. पण त्या एका पावसाळ्यात वहिनी दादासमोर उभी राहिली नसती, तर मी मिलच्या साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, उभा राहिलो असतो. आणि त्याच पावसाळ्यात मी तिच्याशी जसा वागलो, ते लिहून काढल्याशिवाय मला पुढच्या प्रकरणांना हात घालवत नाही.

मौद्याला मामाच्या घरी राहून मी मॅट्रिक झालो आणि नागपूरला दादाकडे आलो. वडील गेलेले होते. दादा एका कापड गिरणीत बॉयलरवर कोळसा लोटण्याचे काम करी. घरात आई, दादा, वहिनी आणि मी. दोन खोल्या, वर कवेलूचे छप्पर, आणि मागे घराएवढीच मोकळी जागा, जिथे आधीच्या भाडेकरूंनी फुटक्या विटा आणि गंजलेले डबे टाकून ठेवले होते. मिलचा भोंगा झाला की आमच्या भिंतीवरची भांडी बारीक थरथरत. दादा पाळीवरून घरी आला की त्याच्या अंगाला जळक्या कोळशाचा वास असे आणि तो जेवून होईपर्यंत कोणी बोलत नसे. तो वाईट माणूस नव्हता. बाप गेल्यावर सोळाव्या वर्षापासून तो आगीसमोर उभा होता, आणि दमलेल्या माणसाला घरात जेवढी शांतता लागते तेवढी तो मागत होता.

कॉलेजचे पहिले वर्ष सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. एका रात्री दादा हात धुऊन पाटावरच बसून राहिला तेव्हाच मला काहीतरी होणार हे कळले.

"मधू, मी मुकादमाशी बोललो. पोळा झाला का बदली कामगार म्हणून घेतो म्हणते तुले. कार्ड बनवून ठेवतो म्हणे."

चुलीपाशी बसलेल्या वहिनीने भाकरी उलटली आणि मान न वळवता विचारले, "अन् कॉलेज?"

"कॉलेजचं मी काय करू वं? चार तोंडं अन् एक पगार. त्याले का मले शिकवू वाटत नाई? पण जमून नाई राह्यलं."

"भाजीचा अन् सरपणाचा खर्च वाचला तं जमन का?"

दादा हसला. "वाचन कसा? मांगच्या आंगनातून का कोळसा निघते?"

"पोळ्यापासून दिवाळीलोक पाहा," वहिनी म्हणाली. आता तिने तोंड वळवले होते. "भाजीसाठी थैली खुंटीवरून एकदा जरी काढली, तं भाऊजीले तुमी सोता मिलमधी घेऊन जा. मी हुं म्हणणार नाई. पण नाई काढली, तं त्यायले पुरं शिकू द्या."

आई भिंतीला टेकून सुपारी कातरत होती. तिचा अडकित्ता थांबला. सुनेने नवऱ्याला अट घालावी हे तिला पटणारे नव्हते. "बाई, तुह्या माहेरी वावर असन," ती म्हणाली, "इथं उकिरडा हाय." दादाने मात्र बराच वेळ विचार करून "बरं, पाहू" म्हटले. खुंटीवरची ती थैली जाड कापडाची, मिलच्याच चिंध्यांची होती. त्या क्षणापासून माझे सगळे शिक्षण तिला टांगलेले आहे असे मला वाटू लागले.

दुसऱ्या दिवशी वहिनीने जुन्या कॅलेंडरचे पान उलटे केले आणि कोळशाने आखणी केली. तिचे अक्षर लहान मुलासारखे होते, पण तो कागद मी नंतर पाहिलेल्या कितीतरी सरकारी योजनांपेक्षा पक्का होता. मोरीचे पाणी वाया जाऊ द्यायचे नाही म्हणून फुटक्या कवेलूंची पन्हाळ काढून ते आळ्यांपर्यंत न्यायचे. कुंपणाला बेशरमाच्या काड्या, कारण त्या नाल्याकाठी फुकट मिळतात आणि खोचल्या तिथे जगतात. मधोमध वेळूचा मांडव, त्यावर लवकी, म्हणजे दुधी, आणि दोडका. मांडवाच्या सावलीत अंबाडी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, कुंपणाला चवळी. सरपणासाठी दादाला मिलमधून फुकट मिळणारा कोळशाचा चुरा आणायचा आणि माती-शेण कालवून त्याचे गोळे करायचे. ते सिगडीत जळतील. स्वयंपाकाची चूल तिच्या माहेराहून दर वर्षी बैलगाडीने येणाऱ्या पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, चालेल. विकत घ्यायचे असे त्या कागदावर काही नव्हते, फक्त सुतळीचा एक तोडा, आणि तोही तिने शेवटी आपल्या जुन्या लुगड्याच्या काठांवर भागवला.

आम्ही दोघे राबलो. कॉलेजातून आलो की मी विटा उचलायचो, ती खणायची. माझ्या हाताला फोड आले तेव्हा ती म्हणाली, "भाऊजी, तुमचे हात पेनाचे हायेत, थोडे दिवस उसने द्या मले." आर्द्रात बिया टाकल्या. आषाढ संपेपर्यंत मांडव हिरवा झाला होता आणि लवकीला पांढरी फुले लागली होती. आई ओट्यावर बसून बघायची, काही बोलायची नाही, पण शेजारणी आल्या की "आमच्या घरचा मांडव" म्हणू लागली होती. दादाने एकदा वाकून फुलाखालची बोटभर लवकी पाहिली आणि उगाच खाकरला. मला वाटले, जिंकलो.

राखेचे सांगायला हवे. वहिनी घरात दोन राखा वेगळ्या ठेवी. चुलीतली पऱ्हाट्यांची राख एका मडक्यात चाळून ठेवायची. ती वेलांवर माव्याची कीड पडली की सकाळच्या दवावर चिमटीने भुरभुरायची. सिगडीतली कोळशाची राख मात्र ती रस्त्याच्या खड्ड्यात नेऊन टाकी. का, हे मी विचारले नाही आणि तिलाही ते सांगायचे सुचले नाही. तिच्या गावात कोळसा कोणी जाळतच नव्हते. तिला फक्त एवढे ठाऊक होते की जी राख आपल्या ओळखीची नाही ती झाडाला द्यायची नाही.

पोळ्याला पंधरा-वीस दिवस असतील. वहिनी बाहेरची झाली होती. त्या काळी आमच्याकडे बाई चार दिवस वेगळ्या घोंगडीवर, मागच्या दाराजवळच्या कोपऱ्यात बसायची. पाणी, देव, लोणचे, झाड कशालाच शिवायची नाही. नेमका तेव्हाच मांडवावर मावा दिसला. कोपऱ्यातून वहिनीने सांगितले, "भाऊजी, मडक्यातली राख सकाळी टाकजा. चिमट-चिमट, पानाच्या खालून. मुळाशी नोको." मी मडके पाहिले तर तळाशी मूठभर राख. आणि मी कोण? कॉलेजात रसायनशास्त्र शिकणारा. राखेत पोटॅश असते, पोटॅश हे खत असते, हे मी त्याच आठवड्यात वहीत उतरवून घेतले होते. मग चिमटीने कशाला? मिलच्या मागे बॉयलरच्या राखेचा डोंगर होता, कोणीही न्यावी. दुपारी आई आणि कोपऱ्यातली वहिनी झोपलेल्या असताना आणि दादा पाळीवर असताना मी सायकलवर चार पोती राख आणली, सगळ्या आळ्यांत वीतभर भरली, वर माती ओढली आणि पन्हाळीचे पाणी सोडून दिले. कोणाला सांगितले नाही. महिन्याभरात दुप्पट लवकी लागली की मग सांगायचे, शिक्षणाचा उपयोग काय असतो ते, असे माझ्या मनात होते.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची बकरी बेशरमाच्या काड्यांमधून आत शिरली. मी कॉलेजात होतो. वहिनी घोंगडीवर बसून हाका मारत राहिली, कोणी आले नाही, बकरीने मांडवाचा एक कोपरा खाली ओढला. तेव्हा ती उठली. बकरी हाकलली, खाली पडलेला वेल दोन्ही हातांनी उचलून पुन्हा वेळूवर चढवला. आणि आई त्याच वेळी ओट्याच्या टोकाशी येऊन उभी राहिली होती.

आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या. आधी पिवळ्या, मग तपकिरी, जणू कोणी प्रत्येक पान कडेकडेने विस्तवावर धरले होते. कोवळ्या लवक्या देठाशी सुकून गळू लागल्या. मी रोज सकाळी बाहेर येऊन बघायचो, तर कुंपणाची चवळी आणि कडेची थोडी अंबाडी, जिथे मी राख टाकली नव्हती, ती ताजी उभी होती. पुढे एम.एस्सी.ला असताना मला कळले की दगडी कोळशाच्या राखेतले क्षार आणि बोरॉन पानांच्या कडांना नेमके असेच जाळतात. पण तेव्हाही मला पुस्तकाची गरज नव्हती. मला माहीत होते.

दादाची सुट्टी होती त्या दिवशी आईने सगळ्यांसमोर विषय काढला. "मी बोलत नव्हती. पण आता बोलतो. हिनं तिसऱ्या दिवशी वेल उचलला. दोन्ही हातानं. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं."

दादाने वहिनीकडे पाहिले. "खरं होय?"

"हो," वहिनी म्हणाली. "बकरी आली होती. मी उचलला."

"मंग काहून नाई जळन?" आईचा आवाज चढला. "चार दिवस कड काढता नाई आली तुले? त्या पोट्ट्याच्या शिक्षणाचा एवढा पुळका, अन् त्याचाच वेल खाल्ला!"

"अस्सं नसते आई," दादा म्हणाला, पण अर्ध्या मनाने. मग तो माझ्याकडे वळला. "मधू, तू शिकून राह्यला ना? सांग बरं, हे कायनं झालं?"

हा प्रश्न मी आजही ऐकतो. नागपूरजवळच्या बेस्याच्या या फ्लॅटमध्ये, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालताना, कधी कधी कोणी तो अगदी मागे उभे राहून विचारल्यासारखा ऐकू येतो. उत्तर चार शब्दांचे होते. पण ते दिले की खेळ संपला. ज्याच्या शिक्षणासाठी हे सगळे चालले होते, त्याच्याच शिक्षणाने मांडव जाळला, असे म्हणून दादाने दुसऱ्याच दिवशी मला मुकादमाकडे नेले असते, आणि त्याचे चुकले नसते. मी म्हणालो, "नाई सांगता येत."

वहिनीने माझ्याकडे पाहिलेही नाही. ती दादाला म्हणाली, "वेल गेला. बोली वेलाची नव्हती, थैलीची होती. दिवाळीलोक थैली निघाली नाई पाह्यजे. ते अजून हाय."

"आता कायनं भरशीन?"

"ते माह्यावर सोडा."

आईने तिच्या परीने निकाल दिला: आजपासून वहिनीने मागच्या अंगणात पाय ठेवायचा नाही. त्या चार दिवसांतच नव्हे, कधीच नाही. दादा काही बोलला नाही. त्या बदल्यात त्याने अट तेवढी चालू ठेवली.

मग पोळा ते दिवाळी असे दिवस आले की ज्यांच्यात मी एक घास मोकळेपणाने गिळला नाही. वहिनी पहाटे बाहेरच्या पडीक जागेवरून तरोट्याची पाने खुडून आणायची. तरोटा, अंबाडी, कुंपणावरची चवळी, बेसनाच्या पातोड्या, पुन्हा तरोटा. दादा ताटाकडे बघून म्हणायचा, "मले काय बकरी समजली का वं?" आणि तिच्या चेहऱ्यावर हसू येते का ते पाहायचा. ती म्हणायची, "बकरी तं भारी चवीची होती, तिनं लवकी खाल्ली." एक दिवस तर भाजीच नव्हती, तिने आंबट ताकाची कढी केली आणि दादाने थैलीकडे इतका वेळ पाहिले की माझा हात ताटातच थांबला. पण तो उठला, हात धुतले आणि पाळीवर गेला.

मागे माझ्याशिवाय कोणी जात नव्हते. मी मेलेले वेल उपटले आणि थंडीच्या पेरणीसाठी आळी खणू लागलो. माझा बेत असा की जमेल तेवढी राख माती म्हणून उचलायची आणि नाल्यात टाकून यायची. रोज दुपारी दोन-दोन घमेली. वहिनी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून सांगायची: वाफा इथं करा, पाळ उंच घ्या, मेथी दाट टाका, पालक पाण्याजवळ. तिचे पाय उंबऱ्याच्या आत, डोळे मातीवर. एका दुपारी ती मध्येच थांबली.

"भाऊजी, ते माती करडी काहून दिसते?"

घमेले माझ्या डोक्यावर होते. "पावसानं," मी म्हणालो.

ती मग म्हणाली, "मंग अजून दोन हात खोल खणा. नाल्याकाठची काळी माती आणून भरा." बस, एवढेच. तिला कळले होते की नाही, हे मी तिला कधी विचारले नाही आणि विचारण्याचा मला अधिकारही उरला नव्हता. दादासमोर मी फक्त उत्तर टाळले होते. तिच्याशी मी खोटे बोललो.

काळ्या मातीत मेथी उगवली. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मेथी, पालक, कोवळे मुळे, सांभार एवढे निघाले की आईने शेजारी वाटा दिला. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी दादाने खुंटीवरची थैली झटकली; तिच्यात एक कोळी राहत होता. तो म्हणाला, "मुकादमाले मी नाई सांगून दिलं," आणि आंघोळीला गेला. मी वहिनीच्या पायाशी वाकलो, तेव्हा तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आता पास होऊन दाखवा, नाई तं तरोटा वाया जाईन."

मी पास झालो. एकेक वर्ष करत बी.एस्सी. झालो, मग शिष्यवृत्तीवर पुढेही शिकलो. पण मागच्या अंगणाचा उंबरा वहिनीने ओलांडला नाही. आईच्या तोंडून ती गोष्ट वस्तीतल्या प्रत्येक घरी गेली होती. कैरीचे लोणचे बुरसले की वहिनीचा हात. शेजारच्या मुलीच्या लग्नात हळद लावायला सगळ्या सुवासिनींना बोलावले आणि तिला पापड तळायला बसवले. लग्नाला सहा वर्षे होऊन मूल नव्हते, तेव्हा एका मावशीने आईसमोरच म्हटले, जिच्या हातानं वेल जळते तिची कूस कशी भरन? मी तिथे अभ्यास करत बसलो होतो. तेव्हाही मी गप्प बसलो. त्या वेळी तर कॉलेज जाण्याची भीतीही उरली नव्हती; फक्त इतकी वर्षे गप्प राहिल्याची लाज होती.

नोकरी लागली ती बाहेरगावी, एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून. पहिल्याच महिन्यात मुलांना राखेतले क्षार वेगळे करून दाखवायचे होते. एका मुलाने विचारले, "सर, कोणतीही राख चालेल?" मी त्याला उत्तर दिले, तास संपवला आणि स्टाफरूममध्ये जाऊन पत्र लिहायला बसलो. घरी माझी पत्रे वहिनीच वाचून दाखवायची. आईला अक्षर येत नव्हते, आणि कोणाला वाईट वाटेल असे काही असले की वहिनी तो भाग गाळून पुढे जायची. म्हणून मला पत्राची सुरुवात वेगळी करावी लागली. ते पत्र असे होते.

"वहिनी, नमस्कार.

हे पत्र तू वाचून दाखवू नको. दादाकडे दे. तो अडखळत वाचेल, पण गाळणार नाही. आईला समोर बसव आणि तूही तिथेच बस.

दादा, तू मला विचारले होतेस की वेल कशाने जळाला. मी सांगता येत नाही म्हणालो. सांगता येत होते. मिलच्या मागून मी बॉयलरची चार पोती राख आणली होती आणि सगळ्या आळ्यांत भरली होती. वहिनीने मुळाशी राख टाकू नको असे बजावले होते. मी ऐकले नाही. ज्या आळ्यांत राख होती ते वेल गेले. कुंपणाच्या चवळीला राख नव्हती, ती जगली. वहिनीने वेल उचलला म्हणून एक पानही जळाले नाही. तिने तो बकरीपासून वाचवला होता.

खरे बोललो तर कॉलेज जाईल, या भीतीने मी गप्प बसलो. वहिनीने मला माती करडी का दिसते ते विचारले, तेव्हा पावसाने, असे सांगितले. तिने पुढे विचारले नाही. तिने खोल खणायला सांगितले आणि त्या मातीत माझे शिक्षण झाले. वहिनी, मी माफी मागत नाही. ती मागायची तर त्याच दिवशी मागायला हवी होती.

आई, तुझ्यावर माझा राग नाही. तू जे पाहिलेस ते सांगितलेस. मी जे केले ते लपवले. पण तू ज्या ज्या घरी वहिनीचे नाव सांगितलेस, ती घरे मला माहीत आहेत. नाताळच्या सुट्टीत मी येईन तेव्हा तुझ्याबरोबर त्या प्रत्येक घरी येईन. तू बोलू नको, फक्त दार वाजव. मांडव मी जाळला हे मी सांगेन.

मधुकर"